७८६-ओ पेशींत ताण-प्रतिसाद आधीपासूनच चालू असतो, मग ताण मोजायचा कसा?

वृक्कवेध

नमस्कार. विषय आहे क्लिअर सेल प्रकारच्या किडनी कॅन्सरमधले पेशींचे ताण-प्रतिसाद. ऑक्सिजनची कमतरता, ईआरमधला (पेशीत प्रोटीनं घडवणाऱ्या जाळ्यातला) ताण आणि फेरोप्टोसिस, म्हणजे लोहामुळे पडद्यातला मेद सडून होणारा पेशीमृत्यू. या तिन्हींना कॅन्सरची पेशी आणि किडनीच्या नलिकेतली साधी पेशी वेगळा प्रतिसाद देतात का, हे पाहायचं आहे. कॅन्सरसाठी ७८६-ओ आणि तुलनेसाठी एचके-२ घेतल्या आहेत.

कोबाल्ट क्लोराइड (ऑक्सिजन कमी असल्याचा आभास देणारं) १५० मायक्रोमोलर, २४ तास, मग वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी): एचके-२ मध्ये हिफ-१ अल्फाचा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर चढणाऱ्या प्रोटीनाचा, बँड स्वच्छ येतो. ७८६-ओ मध्ये कोबाल्ट घाला की न घाला, बँडच नाही. हिफ-२ अल्फा मात्र ७८६-ओ च्या दोन्ही लेनमध्ये सारखाच गडद.

ट्युनिकामायसिन (ईआरवर ताण आणणारं) २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, १६ तास: चॉप हे ताण दाखवणारं प्रोटीन दोन्ही पेशींत वाढतं. फरक सांगता येत नाही.

आरएसएल-३ (फेरोप्टोसिस घडवणारं औषध), १ मायक्रोमोलर, २४ तास, शेवटी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी): ७८६-ओ मरतात, एचके-२ बऱ्यापैकी तगतात. पण ७८६-ओ चाच आकडा एका प्लेटवर ८० टक्के मृत्यू, तर पुढच्या प्लेटवर ३० टक्के.

हिफ-१ अल्फाची अँटिबॉडी बदलावी का? आणि मुळात जी पेशी ऑक्सिजन असूनही तो नसल्यासारखी वागते, तिच्यात ताण मोजताना शून्य कुठलं धरायचं?

पेशीपालन

अँटिबॉडी बदलू नका, ब्लॉट बरोबर आहे. ७८६-ओ मध्ये हिफ-१ अल्फा प्रोटीन नसतंच, फक्त हिफ-२ अल्फा असतं. ए४९८ मध्येही तसंच. दोन्ही हवी असतील तर आरसीसी४ घ्या.

दोन लेन सारख्या का, तेही यातच आहे. ऑक्सिजन असताना पीएचडी नावाची एन्झाइमं हिफ-अल्फाच्या दोन प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल चढवतात. हिफ-१ अल्फात ४०२ आणि ५६४ क्रमांकावर, हिफ-२ अल्फात ४०५ आणि ५३१ वर. ती खूण पडली की व्हीएचएल प्रोटीन येऊन चिकटतं, युबिक्विटिनची माळ लागते आणि प्रोटिएसोममध्ये हिफचा चुरा होतो. कोबाल्ट पीएचडीला अडवतं. ७८६-ओ मध्ये पीएचडी ठणठणीत आहे, खूणही पडते, पण ती वाचणारं व्हीएचएल नाही: जनुकात एक जी गळून पुढची सगळी चौकट सरकली आहे. मग कोबाल्टला तिथे करण्यासारखं उरतंच काय? सारख्या दिसणाऱ्या त्या दोन लेन म्हणजे या पेशी खरोखर व्हीएचएल नसलेल्या आहेत याचा पुरावा आहे. तो ब्लॉट जपून ठेवा.

आता शून्याचं. एचके-२ ला शून्य धरू नका. त्या पेशी एचपीव्ही-१६ च्या ई६ आणि ई७ जनुकांनी अमर केलेल्या आहेत. ई६ मुळे पी५३ तुटतं, ई७ मुळे आरबी निकामी होतं; दोन्ही कॅन्सर रोखणारी प्रोटीनं. पी५३ हे स्वतःच ताण-प्रतिसादातलं मोठं पान; ते एसएलसी७ए११ दाबतं, म्हणजे सिस्टीन आत घेण्याच्या वाटेवर त्याचा हात असतो. त्यात एचके-२ बहुतेक ठिकाणी केराटिनोसाइटच्या सिरम नसलेल्या मीडियात वाढवतात आणि ७८६-ओ आरपीएमआय व १० टक्के सिरममध्ये. वर ७८६-ओ मध्ये पीटेन हे कॅन्सर रोखणारं प्रोटीनही नाही. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर दिसलेला फरक कॅन्सरचा, मीडियाचा की विषाणूच्या जनुकांचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

खरी तुलना म्हणजे ७८६-ओ ची ७८६-ओ शीच. एका बाजूला रिकामा व्हेक्टर, दुसऱ्या बाजूला व्हीएचएल परत घातलेलं, आणि जमलं तर तिसरी बाजू आजारात सापडणाऱ्या बदलाचं व्हीएचएल. एकेक क्लोन निवडण्याऐवजी रेट्रोव्हायरस किंवा लेंटिव्हायरसने घालून सगळ्या पेशी एकत्र ठेवा. ७८६-ओ चे दोन क्लोन एकमेकांपासून इतके दूर जाऊ शकतात की व्हीएचएलचा परिणाम त्यात बुडून जातो. निवडीचं औषध रिकाम्या व्हेक्टरलाही तेवढंच द्या आणि ताणाच्या प्रयोगाआधी ४८ तास दोन्हीकडून काढून घ्या. जी४१८ रायबोसोमच्या कामात ढवळाढवळ करतं, ते मीडियात ठेवून ईआरचा ताण मोजण्यात अर्थ नाही.

व्हीएचएल परत आलं की नाही हे ब्लॉटवर पाहाल तेव्हा दोन बँड दिसतील, साधारण ३० आणि १९ किलोडाल्टनला. दोन्ही खरे आहेत, धाकटा बँड आतल्या दुसऱ्या मेथिओनिनपासून सुरू होतो. सोबत हिफ-२ अल्फा उतरला पाहिजे आणि त्याच्यावर चालणारे सायक्लिन डी१ व ग्लुट-१ही उतरले पाहिजेत. हिफ-२ उतरला आणि सायक्लिन डी१ तसाच राहिला, तर पेशींची ओळख एसटीआरने (डीएनएच्या ठशाने) तपासून घ्या. पुण्याच्या एनसीसीएसच्या भांडारातून आणलेल्या पेशी असल्या तरी वर्षभर हातोहात फिरल्यावर तपासणी लागतेच. मायकोप्लाझ्माही पाहा. त्याच्या काही जाती मीडियातलं आर्जिनिन फस्त करतात आणि एटीएफ-४ हे ताणाचं प्रोटीन आपोआप चढतं. मग तुम्ही औषधाचा ताण मोजत नसता, संसर्गाचा मोजत असता.

एका गोष्टीची तयारी ठेवा. व्हीएचएल परत घातल्यावर प्लास्टिकच्या प्लेटवर, १० टक्के सिरममध्ये, पेशींची वाढ जवळपास तशीच राहते. १९९५ साली हे प्रथम दाखवलं गेलं तेव्हाही प्लेटवर फरक नव्हता. फरक पडला तो उंदरात गाठ धरण्यात. त्यामुळे 'वाढ थांबली नाही म्हणजे व्हीएचएल चालत नाही' असा निष्कर्ष काढू नका. सॉफ्ट अगार किंवा गोळा करून वाढवलेल्या पेशींत पाहा.

राहिला प्रश्न या प्रतिसादाचं कॅन्सरमध्ये काम काय. हिफ-१ आणि हिफ-२ यांना एका दावणीला बांधू नका. क्लिअर सेलमध्ये गाडी हाकतो तो हिफ-२: सायक्लिन डी१, टीजीएफ-अल्फा, व्हेजएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं), शिवाय मिक या वाढीच्या प्रोटीनाला जोर. हिफ-१ अल्फा इथे बराचसा ब्रेकचं काम करतो. त्याचं जनुक १४क्यू वर, म्हणजे १४व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे आणि पुढे गेलेल्या पुष्कळ गाठींत नेमका तोच तुकडा गळालेला असतो. ७८६-ओ ने तो आधीच टाकून दिला आहे. तुमच्या ब्लॉटवरची रिकामी जागा हीसुद्धा कॅन्सरचीच खूण आहे.

आणि खरा हायपॉक्सिया द्यायचाच असेल तर १ टक्का ऑक्सिजनच्या पेटीत द्या, पण मीडिया आदल्या रात्री त्याच पेटीत उघडा ठेवून. नाहीतर मीडिया आणि प्लास्टिक यांत मुरलेला ऑक्सिजन उतरायलाच काही तास जातात आणि तुमचा '४ तास हायपॉक्सिया' प्रत्यक्षात तासाभराचाही नसतो. पेशी पेटीच्या आतच गरम एसडीएस बफरमध्ये फोडा. व्हीएचएल असलेल्या पेशींत बाहेरची हवा लागली की हिफ-अल्फा पाच मिनिटांत अर्ध्यावर येतो. प्लेट बाहेर काढून, पीबीएसने दोनदा धुऊन, बर्फावर नेईपर्यंत बँड गेलेला असतो.

व्हीएचएल नसलेल्या पेशींत ऑक्सिजन कमी केल्याने काहीच बदलत नाही, असंही समजू नका. एफआयएच नावाचं दुसरं एन्झाइम हिफच्या शेपटाकडच्या अस्पॅरजिनवर हायड्रॉक्सिल चढवून हिफला पी३०० या जनुकं चालू करायला मदत करणाऱ्या प्रोटीनाशी चिकटू देत नाही. त्याला व्हीएचएलची गरज नाही, ऑक्सिजनची आहे. शिवाय हिस्टोनवरचे मेथिल काढणारी काही एन्झाइमंही ऑक्सिजनवर चालतात. म्हणून ७८६-ओ मध्ये २१ टक्के आणि १ टक्का ही तुलना फुकट जात नाही. हिफचा बँड हलत नसताना बाकी काय हलतं हे तिथेच दिसतं.

काचपट्टी

वरच्या उत्तराला ऊतीच्या बाजूची जोड देते, कारण हाच शून्याचा गोंधळ ऑपरेशनच्या नमुन्यात जास्त होतो.

गाठ कापली की ती सोनेरी पिवळी दिसते. तो रंग मेदाचा. पॅराफिनसाठी अल्कोहोल आणि झायलिनमधून जाताना मेद विरघळून जातो, ग्लायकोजेनही बरंचसं जातं, आणि पेशीच्या जागी पातळ पडद्याची रिकामी चौकट उरते. 'क्लिअर' हे नाव त्या रिकामपणावरून पडलं. जिवंतपणी ती पेशी मेदाने गच्च भरलेली असते. म्हणून मेद पाहायचा असेल तर पॅराफिन ब्लॉक मागू नका. गोठवलेल्या तुकड्यावर ऑइल रेड ओ करा. ग्लायकोजेनसाठी पीएएस, एक पट्टी डायास्टेज देऊन आणि एक न देता.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची. सर्जन किडनीची धमनी बंद करतात तिथपासून नमुना द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत ऊती गरम आणि रक्ताविना असते. या वेळात शेजारच्या निरोगी किडनीत व्हीएचएल शाबूत असल्यामुळे हिफ चढायला लागतो. गाठीत तो आधीच चढलेला, त्यामुळे तिथे बदल नाही. म्हणजे वेळ जितका लांबेल तितका 'गाठ विरुद्ध निरोगी' हा फरक खोटाच कमी होत जातो. फॉस्फो-ईआयएफ२ अल्फा आणि पी३८ या ताणाच्या खुणा तर दोन्हीकडे हलतात. क्लॅम्पची वेळ, किडनी बाहेर आल्याची वेळ आणि गोठवल्याची वेळ, या तीन नोंदी नसतील तर त्या नमुन्यावर फॉस्फोचे ब्लॉट करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, सीए-९ (हिफ जे वाढवतो असं एक प्रोटीन) रंगला म्हणून त्या भागात ऑक्सिजन कमी आहे असं लिहू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तसं म्हणता येतं. क्लिअर सेलमध्ये व्हीएचएल गेलं की सीए-९ पेशीच्या चारही बाजूंनी पेटीसारखा रंगतो, रक्तवाहिनीला टेकलेल्या पेशीतही. सार्वजनिक आरएनए डेटावरून काढलेल्या 'हायपॉक्सिया स्कोअर'चंही तेच: किडनीत तो बऱ्याच अंशी व्हीएचएल गेल्याचा स्कोअर असतो. हिफच्या वाटेने न जाणारी खूण हवी असेल तर पिमोनिडाझोल. ऑक्सिजनचा दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्याखाली गेला तरच ते प्रोटीनला चिकटतं. पण ते ऑपरेशनआधी रुग्णाला द्यावं लागतं, साठवलेल्या ब्लॉकवर मागून करता येत नाही. प्राण्यांच्या प्रयोगात मात्र जरूर वापरा.

मेदथेंब

ट्युनिकामायसिनबद्दल. २ मायक्रोग्रॅम आणि १६ तास म्हणजे दोन्ही पेशींना छतापर्यंत नेऊन मग उंची मोजणं. फरक दिसणार कसा? ०.१ पासून २ पर्यंत पाच पायऱ्या करा आणि वेळही मोकळी ठेवा: ईआयएफ२ अल्फाच्या सेरिन ५१ वरचा फॉस्फेट ३० मिनिटं ते २ तासांत, एटीएफ-४ दोन ते चार तासांत, चॉप सहा तासांनंतर. चॉप हा शेवटचा पाहुणा आहे. तो आल्यावर आधी काय झालं ते कळत नाही. झटपट सुरुवात हवी असेल तर थॅप्सिगार्गिन बरं, ते ईआरचा कॅल्शियम पंप लगेच बंद करतं. ट्युनिकामायसिनला वेळ लागतो, कारण आधी साखरेची साखळी न जोडलेली प्रोटीनं साचावी लागतात.

आणि फक्त चॉपवरून 'ईआरचा ताण' लिहू नका. ईआयएफ२ अल्फावर फॉस्फेट चढवणारी चार कायनेज आहेत: पर्क, जीसीएन२, पीकेआर आणि एचआरआय. त्यातलं फक्त पर्क ईआरमधलं. मीडिया शिळा होऊन ग्लुटामिन संपलं तरी जीसीएन२ मार्गे एटीएफ-४ आणि चॉप चढतात. किडनी कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन भराभर संपवतात, त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या प्लेटवर कंट्रोलमध्येच एटीएफ-४ दिसला तर नवल नाही. प्रयोगाआधी १२ ते १६ तास ताजा मीडिया द्या.

निवाडा एक्सबीपी-१ वर करा. आयआरई-१ (ईआरमधला ताण ओळखणारं प्रोटीन) जागा झाला की एक्सबीपी-१ च्या आरएनएतून २६ अक्षरं कापली जातात. आरटी-पीसीआर करून ३ टक्के अगारोजवर चालवा. कापलेला तुकडा किंचित खाली धावतो. दोन्हींच्या वर तिसरा धूसर बँड दिसेल, ती कापलेल्या आणि न कापलेल्या धाग्यांची मिश्र जोडी आहे, नवीन रूप नव्हे. शंका असेल तर पीएसटी-१ ने कापून पाहा: त्याची जागा त्या २६ अक्षरांतच आहे, म्हणून न कापलेलाच तुकडा दोन होतो. एक्सबीपी-१ हलला नाही आणि एटीएफ-४ चढला, तर त्याला ईआरचा ताण न म्हणता एकात्मिक ताण-प्रतिसाद म्हणा.

आता यात कॅन्सरचा भाग कुठे आहे? मेदाच्या थेंबांत. हिफ-२ अल्फा पेरिलिपिन-२ वाढवतो आणि ते प्रोटीन थेंबांना टिकवून धरतं. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की क्लिअर सेलच्या पेशींत पेरिलिपिन-२ काढलं की मेद साठवायला जागा राहत नाही, ईआरवर ताण येतो आणि पेशी मरतात. म्हणजे काचपट्टी म्हणतात तो पिवळा मेद नुसता साठा नाही, ईआरची सुरक्षा-झडप आहे. तुमची तुलना ट्युनिकामायसिन घातल्यावर कोण जास्त ओरडतं अशी ठेवू नका. पेरिलिपिन-२ चं सायआरएनए (त्या जनुकाला गप्प करणारा आरएनएचा तुकडा) देऊन पाहा: व्हीएचएल नसलेल्या आणि व्हीएचएल परत घातलेल्या पेशींत कोणाचा एक्सबीपी-१ आधी कापला जातो? फरक तिथे सापडेल.

वृक्कवेध

खूप आभार. एचके-२ बाजूला ठेवून व्हीएचएलची जोडी करायला घेतो आहे. आरएसएल-३ चं मात्र अजून उलगडलेलं नाही. दर विहिरीत ५००० पेशी, ९६ विहिरींची प्लेट. कधी पेशी लावून दुसऱ्या दिवशी औषध दिलं, कधी सुट्टीमुळे दोन दिवसांनी. सिरमची बाटली मध्ये एकदा बदलली. आकडे यामुळे एवढे फिरतील?

मेदथेंब

यानेच फिरतील. दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

आधी दाटी. फेरोप्टोसिसवर पेशींच्या दाटीचा परिणाम फार होतो, आणि किडनी कॅन्सरच्या पेशींत त्याचं कारणही माहीत आहे: विरळ पेशींत टाझ नावाचं नियामक प्रोटीन केंद्रकात असतं, ते ईएमपी-१ आणि नॉक्स-४ च्या वाटेने मेदाचं ऑक्सिडेशन वाढवतं. पेशी एकमेकींना भिडल्या की टाझ बाहेर पडतं आणि त्याच पेशी तगायला लागतात. ५००० पेशी दुसऱ्या दिवशी विरळ असतात, तिसऱ्या दिवशी तळ जवळजवळ झाकतात. औषधाचा डोस तोच, उत्तर वेगळं. २०००, ५००० आणि १०००० अशा तीन दाट्या एकाच प्लेटवर लावा, औषध नेहमी १८ ते २४ तासांनी द्या, आणि औषध द्यायच्या क्षणी किती टक्के तळ झाकला आहे ते वहीत लिहा. व्हीएचएलच्या जोडीत तर हे फारच सांभाळा: व्हीएचएल आलं की पेशी जास्त चिकटून बसतात, त्यामुळे 'व्हीएचएलने वाचवलं' की 'दाटीने वाचवलं' हे वेगळं करता आलं पाहिजे.

मग सिरम. आरएसएल-३ ज्याला अडवतं ते जीपीएक्स-४, म्हणजे पडद्यातला मेद सडण्यापासून वाचवणारं एन्झाइम, हे सेलेनियमवालं प्रोटीन आहे आणि प्लेटवर सेलेनियम येतं मुख्यतः सिरममधून. बाटलीगणिक ते बदलतं. बाटली बदलली की आरएसएल-३ ची पूर्ण डोस-रेषा परत काढा, १० नॅनोमोलरपासून ३ मायक्रोमोलरपर्यंत. मीडियात आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियमचं मिश्रण) असेल तर त्यातला एस म्हणजे सेलेनियमच, हे ध्यानात असू द्या. आणि एरास्टिन (सिस्टीन आत येण्याचं दार बंद करणारं औषध) वापरणार असाल तर मीडियात बीटा-मरकॅप्टोइथेनॉल नको. ते बाहेरच सिस्टीनचं रूप बदलून दुसऱ्या दाराने आत सोडतं, आणि एरास्टिनने बंद केलेलं दार बंद असूनही पेशी जगते.

एमटीटी इथे सोडा. ते पेशीतल्या क्षपण करणाऱ्या एन्झाइमांवर चालतं आणि तुम्ही नेमकी तीच यंत्रणा हलवता आहात. शिवाय आरएसएल-३ चा मृत्यू काही तासांत होतो. २४ तासांनी वाचलेल्या पेशी परत वाढायला लागलेल्या असतात. सायटॉक्स किंवा प्रोपिडियम आयोडाइड घालून ४, ८, १२, २४ तासांना मेलेल्या पेशी मोजा, आणि एकूण पेशींचाही आकडा ठेवा.

मृत्यू फेरोप्टोसिसचाच आहे हे वाचवून दाखवावं लागतं. फेरोस्टॅटिन-१ (फेरोप्टोसिस अडवणारं), १ ते २ मायक्रोमोलर, आरएसएल-३ च्या आधी किंवा बरोबर दिलं की वाचल्या पाहिजेत. डेफेरॉक्सामिननेही वाचल्या पाहिजेत, पण सावध: ते लोह काढतं म्हणजे पीएचडीही थांबवतं, आणि व्हीएचएल परत घातलेल्या पेशींत हिफ चढवतं. तुमच्या जोडीत तो कंट्रोल एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला गढूळ आहे. झेडव्हॅड (अपॉप्टोसिस हा दुसऱ्या प्रकारचा पेशीमृत्यू अडवणारं) २० मायक्रोमोलरने वाचता कामा नये. सी११-बॉडिपी (मेदाचं ऑक्सिडेशन दाखवणारा रंग) करणार असाल तर जिवंत पेशींवर, लगेच, आणि हिरव्या-लाल प्रकाशाचं गुणोत्तर घ्या. या पेशींत मेद इतका आहे की नुसती हिरवी तीव्रता रंग किती शिरला यावरच ठरते.

आरएसएल-३ इतर सेलेनियमवाल्या प्रोटीनांनाही धरतं, म्हणून शेवटचा शब्द जीपीएक्स-४ च्या नॉकआउटचा. तो फेरोस्टॅटिनमध्ये वाढवावा लागतो; फेरोस्टॅटिन धुऊन टाकला की मोजणी सुरू.

७८६-ओ इतक्या पटकन का मरतात, याचं उत्तर पुन्हा हिफ-२ कडेच जातं. तो हिलपडा नावाचं प्रोटीन वाढवतो, आणि त्यामुळे पेशीत अनेक दुहेरी बंधांची मेदाम्लं साचतात. तीच पहिल्यांदा सडतात. वाढीसाठी ज्या प्रतिसादाचा फायदा, त्याचीच ही किंमत. म्हणून जोडीत व्हीएचएल असलेली बाजू आरएसएल-३ ला जास्त तगली तर दचकू नका, तसंच अपेक्षित आहे.

काचपट्टी

एक मर्यादा घालते. हे सगळं क्लिअर सेलचं. 'किडनी कॅन्सर' असं शीर्षक देणार असाल तर फ्युमरेट हायड्रेटेज गेलेल्या प्रकाराची वेगळी नोंद करा. तिथे व्हीएचएल शाबूत असतं. साचलेलं फ्युमरेट पीएचडीला अडवतं, म्हणून हिफ चढतो, पण वेगळ्या दारातून. शिवाय एनआरएफ-२ ला दाबून ठेवणाऱ्या कीप-१ च्या सिस्टीनांना फ्युमरेट कायमचं चिकटतं आणि एनआरएफ-२ मोकळा सुटतो. एरवी ऑक्सिडेशनच्या ताणाने चालू होणारा प्रतिसाद इथेही ताणाशिवायच चालू. पट्टीवर एफएचचा रंग जातो, २-सक्सिनो-सिस्टीनचा रंग येतो. हा फरक कागदावरचा नाही. व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारात गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत थांबता येतं. एफएचच्या आनुवंशिक प्रकारात तसं थांबत नाहीत, छोटी गाठही रुंद कडा ठेवून काढतात, कारण ती लवकर पसरते.

क्लिअर सेलमध्येही एनआरएफ-२ चढलेला दिसू शकतो, पण तिथे पी६२ बघा. त्याचं जनुक ५क्यू वर आहे आणि तो भाग या गाठींत वारंवार वाढलेला असतो. पी६२ कीप-१ ला पकडून ठेवतं. म्हणून इथे पी६२ जास्त दिसलं की लगेच 'ऑटोफॅजी (पेशीने आपलाच कचरा पचवणं) अडकली' असं म्हणू नये. बॅफिलोमायसिन देऊन आणि न देऊन एलसी३-२ चा प्रवाह मोजल्याशिवाय ते ठरत नाही.

ओपीडी_सोमवार

रुग्णाच्या बाजूने थोडं. हिफ-२ अडवणारं बेल्झुटिफान अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी मंजूर झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुढे गेलेल्या किडनी कॅन्सरसाठी, इम्युनोथेरपी आणि व्हेजएफवरची औषधं देऊन झाल्यावर. डोस रोज १२० मिलिग्रॅम, तोंडाने. आनुवंशिक आजाराच्या चाचणीत ६१ रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या किडनीतल्या गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आकसल्या. आधी उपचार झालेल्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांत हा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास, तर तुलनेच्या एव्हरोलिमसवर ४ टक्क्यांच्याही खाली. या दोन आकड्यांतलं अंतर सगळ्यांनी लक्षात घ्यावं. व्हीएचएल बहुतेकांचं गेलेलं असलं तरी पुढच्या टप्प्यातली प्रत्येक गाठ हिफ-२ वरच जगत असते असं नाही.

दुष्परिणाम मात्र थेट यंत्रणेतूनच येतात. एरिथ्रोपोएटिन हिफ-२ वर चालतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. आनुवंशिक आजाराच्या चाचणीत दहापैकी नऊ जणांना ॲनिमिया झाला. औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक दिवसांनी सीबीसी हवाच. रक्तातला ऑक्सिजनही काहींचा घसरतो, धाप लागत नसतानासुद्धा, म्हणून प्रत्येक भेटीत बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावावा. गर्भाला धोका आहे, आणि हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांतल्या संप्रेरकांचा असर कमी करतं, त्यामुळे नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. हे रुग्णाला आणि तिच्या घरच्यांना मराठीत, वेळ देऊन, पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

सुनिटिनिब प्लेटवर वापरणार असाल तर एक सूचना. ते पिवळं आहे, लायसोसोममध्ये साचतं आणि हिरव्या चॅनेलमध्ये स्वतः चमकतं. फ्लो करताना 'फक्त औषध, रंग नाही' ही नळी ठेवली नाही तर त्याचीच चमक ताणाची खूण म्हणून मोजली जाईल.

वृक्कवेध

व्हायरसने व्हीएचएल घालायला वेळ लागेल. तोवर ७८६-ओ वर बेल्झुटिफान देऊन तीच तुलना करता येईल का? १ मायक्रोमोलर, ४८ तास विचारात आहे.

पेशीपालन

येईल, डोसही ठीक आहे. ती तुलना फक्त हिफ-२ पुरती राहील. व्हीएचएलची हिफशिवायची कामं आहेत, ती यात येणार नाहीत. डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्का सारखं ठेवा. हिलपडा आणि पेरिलिपिन-२ उतरले तरी आधी साठलेला मेद लगेच जात नाही, म्हणून आरएसएल-३ देण्याआधी ४८ तासांबरोबर ९६ तासांचाही एक गट ठेवा आणि दोन्हींची दाटी औषध देताना सारखी येईल अशी पेरणी करा.

औषध लागू पडलं का हे हिफ-२ अल्फाच्या बँडवरून पाहू नका. बेल्झुटिफान त्या प्रोटीनच्या पास-बी भागातल्या खाचेत बसतं आणि अर्न्ट या जोडीदार प्रोटीनापासून त्याची जोडी सोडवतं. प्रोटीन तुटत नाही, बँड बहुधा तसाच राहतो. २४ तासांनी सायक्लिन डी१ आणि व्हेजएफ-ए यांचे आरएनए मोजा. ते उतरले नाहीत तर हिफ-२ अल्फाने ओढून अर्न्टचा ब्लॉट करा. जोडी सुटलेली नसेल तर औषधाची बाटली बदला. सुटलेली असून आरएनए उतरले नसतील, तर प्राइमर तपासा.